आधी डेटा, मग मशीन : चालत्या कॅसँड्रा क्लस्टरमध्ये नोड वाढवताना आणि काढताना

लोड बॅलन्सरमागचा एखादा वेब सर्व्हर बंद केला, तर विनंत्या शेजारच्या सर्व्हरकडे वळतात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्या सर्व्हरकडे जपून ठेवावं असं काही नसतंच. डेटाबेसच्या क्लस्टरचं तसं नसतं. तिथल्या प्रत्येक नोडच्या डिस्कवर कुणाची ऑर्डर, कुणाचा निरोप, कुणाच्या खात्यातली नोंद असते. म्हणून तिथे नोड वाढवणं किंवा काढणं म्हणजे मुख्यतः डेटाची जबाबदारी एका मशीनकडून दुसऱ्याकडे सोपवणं. ही सोपवणी पूर्ण व्हायच्या आत मशीनला हात लावला की नुकसान होतं, आणि ते बहुधा त्या दिवशी दिसत नाही. कित्येक आठवड्यांनी एखादी नोंद हरवलेली सापडते, किंवा पुसलेली नोंद पुन्हा उगवते.

हा लेख अपाचे कॅसँड्राबद्दल आहे. अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी फेसबुकमध्ये लिहिलेला हा डेटाबेस २००८ साली मुक्तस्रोत झाला आणि २०१० पासून अपाचे फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. त्यात कुणी मुख्य नोड नाही, सगळे सारख्या दर्जाचे. त्यामुळे क्लस्टर चालू असताना नोड आणता येतात, काढता येतात आणि आज्ञाही मोजक्याच आहेत. पण आज्ञा सोपी आहे म्हणून काम सोपं आहे, असा समज करून घेऊ नका. पुढची माहिती ३.११ आणि ४.० या, आजही अनेक ठिकाणी चालणाऱ्या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

डेटा कुठे राहतो

कॅसँड्रा प्रत्येक नोंदीच्या पार्टिशन कीपासून एक आकडा काढतं, त्याला टोकन म्हणतात. हे आकडे एका वर्तुळावर मांडलेले असतात आणि त्या वर्तुळाचे तुकडे नोडमध्ये वाटलेले असतात. एका नोडकडे असे अनेक तुकडे असतात. ३.११ मध्ये मूळ सेटिंगप्रमाणे ते २५६ होते, ४.० पासून १६ आहेत. रेप्लिकेशन फॅक्टर ३ असेल तर प्रत्येक नोंदीच्या ३ प्रती ३ वेगवेगळ्या नोडवर असतात, आणि क्वोरमने वाचताना-लिहिताना त्यांतल्या २ प्रतींनी उत्तर देणं पुरतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ६ नोड आहेत, प्रत्येकावर १ टीबी डेटा, म्हणजे सगळ्या प्रती मिळून ६ टीबी. सातवा नोड आला की प्रत्येकाचा वाटा साधारण ८५७ जीबी व्हायला हवा. म्हणजे नव्या नोडकडे ८५७ जीबी डेटा नेटवर्कवरून यायचा आहे, आणि तो देणारे सहाही नोड त्याच वेळी तुमच्या ग्राहकांनाही उत्तरं देत आहेत.

यातून पहिला सल्ला निघतो. डिस्क भरत आली किंवा सीपीयूचा जीव मेटाकुटीला आला की मग नोड आणू, असं करू नका. नवा नोड सुरुवातीला मदत करत नाही, काम वाढवतो. दिवाळीच्या विक्रीसाठी क्षमता हवी असेल तर ती विक्रीच्या आदल्या रात्री नव्हे, दोन-तीन आठवडे आधी उभी करा.

हात लावण्याआधी

पुढच्या गोष्टी तपासल्याशिवाय एकही आज्ञा देऊ नका.

१. नोडटूल हे कॅसँड्राला आज्ञा देण्याचं साधन. ‘नोडटूल स्टेटस’मध्ये सगळे नोड ‘यूएन’ दिसले पाहिजेत. यू म्हणजे नोड चालू आहे, एन म्हणजे स्थिती नेहमीची आहे. एकही नोड ‘डीएन’, म्हणजे बंद, असेल तर आधी त्याचा निकाल लावा.

२. ‘नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर’मध्ये स्कीमाची एकच आवृत्ती दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर नोडचं आपसात एकमत नाही, आणि अशा क्लस्टरमध्ये नवा पाहुणा आणायचा नसतो.

३. रिपेअर, म्हणजे प्रतींमधला फरक शोधून त्या एकसारख्या करण्याचं काम, नुकतंच पूर्ण झालेलं असावं. नवा नोड एखादा तुकडा घेतो तेव्हा तो तुकडा सोडणाऱ्या नोडकडूनच त्याची प्रत घेतो. त्या नोडकडे काही नोंदी मुळातच पोचल्या नसतील, तर ती उणीव नव्या नोडकडेही जाते.

४. ‘सिस्टिम ऑथ’ या कीस्पेसचा, म्हणजे टेबलांच्या गटाचा, रेप्लिकेशन फॅक्टर बघा. वापरकर्त्यांची नावं आणि परवाने त्यात असतात आणि मूळ सेटिंगमध्ये त्याची एकच प्रत ठेवलेली असते. ती प्रत असलेला नोड गेला की डेटा सुखरूप असूनही लॉगिन बंद पडू शकतं. तो ३ करा आणि त्या कीस्पेसवर रिपेअर चालवा. हे काम आज, हा लेख वाचून झाल्यावर लगेच करण्यासारखं आहे.

५. सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली असावीत. एकाच नोंदीची दोन रूपं समोर आली की कॅसँड्रा नंतरच्या वेळेचं रूप खरं मानतं. नव्या नोडचं घड्याळ पुढे धावत असेल तर चुकीची नोंद जिंकेल.

६. नोडची ये-जा चालू असेपर्यंत टेबलांची रचना बदलणं, आवृत्ती वाढवणं आणि रिपेअर, तिन्ही थांबवा. ॲप्लिकेशनच्या टीमलाही आधी कळवा, कारण एखादं डिप्लॉयमेंट सुरू होताना गुपचूप टेबल तयार करत असतं.

नवा नोड आणताना

नव्या मशीनवर क्लस्टरमध्ये चालते आहे तीच आवृत्ती टाका. उबुंटू किंवा डेबियनवर पॅकेज बसवलं की सेवा आपोआप सुरू होते, आणि ‘टेस्ट क्लस्टर’ या मूळ नावाने एक छोटा एकट्याचा डेटाबेस तयारही होऊन जातो. तो तसाच राहिला तर नोड तुमच्या क्लस्टरमध्ये यायला नकार देतो. म्हणून बसवल्यावर लगेच सेवा थांबवा, डेटाची डिरेक्टरी रिकामी करा, मग सेटिंग भरा.

सेटिंगमध्ये क्लस्टरचं नाव, स्निच (कोणता नोड कुठल्या रॅकमध्ये ते सांगणारा भाग) आणि टोकनची संख्या जुन्या नोडसारखीच ठेवा. नोडचा पत्ता त्याचा स्वतःचा. फायरवॉलमध्ये नोडच्या आपसातल्या बोलण्यासाठी ७००० आणि ग्राहकांसाठी ९०४२ हे पोर्ट उघडे हवेत. आता ज्या दोन सेटिंगकडे जास्तीत जास्त लक्ष द्यायचं, त्या बघू.

पहिली, सीडची यादी. सीड म्हणजे नव्या नोडने ओळख करून घेण्यासाठी ज्यांच्याकडे जायचं ते नोड. या यादीत नव्या नोडचा स्वतःचा पत्ता चुकूनही लिहू नका. जो नोड स्वतःला सीड समजतो तो बूटस्ट्रॅप, म्हणजे सामील होताना इतरांकडून डेटा घेणं, करतच नाही. डेटा न घेता तो वर्तुळात शिरतो, काही क्षणांत ‘यूएन’ दिसतो आणि ज्या नोंदी त्याच्याकडे कधी आल्याच नाहीत त्यांच्याबद्दल ‘अशी नोंद नाही’ असं उत्तर देऊ लागतो. शेकडो जीबी घ्यायचे असताना नोड मिनिटाभरात तयार झाला, तर आनंद मानू नका. आधी ही यादी तपासा.

दुसरी, रॅकचं नाव. एकाच नोंदीच्या प्रती शक्यतो वेगवेगळ्या रॅकवर ठेवायच्या, असा नेटवर्क टोपोलॉजी स्ट्रॅटेजीचा नियम आहे. आपल्या उदाहरणातले सहाही नोड एकाच रॅकच्या नावावर असतील आणि सातव्याला तुम्ही नव्या रॅकचं नाव दिलंत, तर प्रत्येक नोंदीची एक प्रत त्या एकट्याकडे जाणार. ८५७ जीबीच्या जागी २ टीबी त्याच्यावर कोसळतील आणि त्याची डिस्क भरेल. रॅक ३ असतील तर नोडही शक्यतो तिन्ही रॅकमध्ये सारखे, तीन-तीनच्या पटीत वाढवा.

सेवा सुरू केल्यावर नोड ‘यूजे’ दिसेल, म्हणजे चालू आहे आणि सामील होतो आहे. या काळात त्याच्या वाट्याला येणाऱ्या तुकड्यांतलं नवं लेखन त्याच्याकडे यायला लागतं, पण वाचनाच्या विनंत्या येत नाहीत. म्हणून हे काम कितीही वेळ चाललं तरी ग्राहकांना चुकीचं उत्तर जात नाही. घाई करण्याचं काही कारण नाही. ‘नोडटूल नेटस्टॅट्स’ने कुणाकडून किती डेटा आला ते बघत राहा. मध्येच नेटवर्क तुटून काम अडकलं तर ‘नोडटूल बूटस्ट्रॅप रिझ्यूम’ने उरलेला भाग पुढे चालू करता येतो.

एका वेळी एकच नोड आणा. पहिला ‘यूएन’ झाल्यावर किमान २ मिनिटं थांबा. नोड एकमेकांना बातमी गॉसिपने कळवतात आणि ती सगळ्यांपर्यंत पोचायला थोडा अवकाश लागतो. कॅसँड्रा स्वतःही एक नोड सामील होत असताना दुसऱ्याला अडवतं. ही अडवणूक बंद करणारं सेटिंग आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन नोड एकदम आले तर तुकड्यांची मालकी एकाच वेळी दोनदा बदलते, आणि कुणाकडून घेतलेली प्रत ताजी, याची खात्री राहत नाही.

‘यूएन’ दिसलं, पण काम संपलेलं नाही

नवा नोड ‘यूएन’ झाला की बहुतेक जण काम संपलं असं मानतात. पण जुन्या सहा नोडच्या डिस्क बघा, तिथे अजूनही १ टीबीच आहे. ज्या तुकड्यांची मालकी गेली त्यांचा डेटा कॅसँड्रा आपणहून पुसत नाही. तो पुसण्यासाठी प्रत्येक जुन्या नोडवर ‘नोडटूल क्लीनअप’ चालवावं लागतं.

जागा मोकळी होणं हा क्लीनअपचा एक फायदा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उद्या तुम्ही एखादा नोड काढलात आणि तोच तुकडा पुन्हा जुन्या मालकाकडे आला, तर न पुसलेला शिळा डेटा पुन्हा जिवंत होतो. मधल्या काळात पुसलेल्या नोंदी त्यातून परत येऊ शकतात.

क्लीनअप फाइल नव्याने लिहून काढतं, म्हणून त्याला थोडी मोकळी डिस्क आणि बराच आयओ लागतो. एका वेळी एकाच नोडवर, कमी गर्दीच्या वेळी चालवा. अनेक नोड आणायचे असतील आणि डिस्कवर जागा असेल, तर सगळे आल्यावर शेवटी एकदाच क्लीनअप केलेलं बरं. सर्वांत शेवटी आलेला नोड सोडून बाकी सगळ्यांवर ते करावं लागेल. क्लीनअपनंतरही जागा सुटली नाही, तर जुने स्नॅपशॉट तपासा. क्लीनअप त्यांना हात लावत नाही.

चालता नोड काढताना

बदली झालेला अधिकारी पदभार सोपवून मगच खुर्ची सोडतो, तसं ‘नोडटूल डीकमिशन’ नोडला करायला लावतं. ही आज्ञा जाणाऱ्या नोडवरच द्यायची. तो ‘यूएल’ दिसू लागतो, आपल्या प्रत्येक तुकड्याचा नवा मालक कोण ते ठरवतो, त्याला डेटा पाठवतो आणि मग वर्तुळातून बाहेर पडतो.

आज्ञा देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा.

उरलेल्यांकडे जागा आहे का? सातावरून सहावर आलो की प्रत्येकाकडे पुन्हा १ टीबी होईल. त्यावर कॉम्पॅक्शनला, म्हणजे डेटाच्या फाइल एकत्र करून नव्याने लिहिण्याला, लागणारी मोकळी जागा धरा. साइझ टिअर्ड पद्धतीत सर्वांत वाईट वेळी डेटाइतकीच जागा आणखी लागू शकते.

प्रती ठेवायला पुरेसे नोड उरतात का? रेप्लिकेशन फॅक्टर ३ असताना ३ वरून २ नोडवर येणं चूक आहे. ४.० मध्ये अशा वेळी डीकमिशन नकार देतं. ‘फोर्स’ लावून तो नकार मोडता येतो, पण तो तुमच्या भल्यासाठी आहे.

हा नोड कुणाच्या सीडच्या यादीत किंवा ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये आहे का? असेल तर आधी सगळीकडे पत्ता बदला. नाहीतर काम सुरळीत पार पडेल आणि महिन्याभराने ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करताना त्याला क्लस्टरच सापडणार नाही.

वेळेचा हिशेबही आधीच करा. डेटा पाठवण्यावर मूळ मर्यादा एका नोडमागे सेकंदाला २०० मेगाबिट, म्हणजे २५ एमबी आहे. आणताना पाठवणारे सहा होते. इथे पाठवणारा एकटाच. दर १ टीबी पाठवायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तासांहून थोडा जास्त वेळ. ‘नोडटूल सेटस्ट्रीमथ्रूपुट’ने ही मर्यादा चालू असतानाच वाढवता येते, पण वाढवताना ग्राहकांच्या विनंत्यांना लागणारा वेळ बघत टप्प्याटप्प्याने वाढवा.

काम संपल्यावर नेटस्टॅट्समध्ये नोडची स्थिती ‘डीकमिशन्ड’ दिसते. नंतरच सेवा थांबवा आणि मशीन सुरू होताना ती आपोआप चालू होणार नाही अशी व्यवस्था करा. डिस्कवरचा डेटा लगेच पुसू नका. बाकीचं सगळं ठीक आहे याची खात्री होईपर्यंत काही दिवस तो राहू द्या. मशीन पुन्हा याच क्लस्टरमध्ये आणायचं ठरलं, तर मात्र आधी डेटा पूर्ण पुसून त्याला अगदी नव्या नोडसारखं आणा.

बंद पडलेला नोड

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण इथे माणूस घाबरलेला असतो. पहाटे तीनला अलार्म वाजतो, एक नोड ‘डीएन’ दिसतो आणि तो काढून टाकावासा वाटतो. थांबा. रेप्लिकेशन फॅक्टर ३ आणि वाचन-लेखन क्वोरमने असेल, तर एक नोड बंद असूनही क्लस्टर काम करतं. तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. पहिला प्रश्न विचारा : नोड बंद पडून किती वेळ झाला, आणि त्याची डिस्क शाबूत आहे का?

डिस्क शाबूत आणि ३ तासांच्या आत नोड परत येत असेल, तर तो फक्त सुरू करा. बंद नोडसाठीचं लेखन बाकीचे नोड मूळ सेटिंगप्रमाणे ३ तासांपर्यंत हिंट म्हणून बाजूला ठेवतात आणि तो आला की त्याला देतात.

३ तास उलटले, पण १० दिवस झाले नाहीत : नोड सुरू करा आणि त्यावर रिपेअर चालवा. मधलं लेखन हिंटमध्ये नाही, ते रिपेअरनेच भरून निघेल. मात्र हे रिपेअर १० दिवसांची मुदत संपण्याआधी पूर्ण व्हायला हवं.

१० दिवस उलटले : तो नोड जुन्या डेटासह कधीही सुरू करू नका. कॅसँड्रा नोंद पुसतं तेव्हा ती लगेच काढत नाही, ‘ही पुसली’ अशी खूण ठेवतं. तिला टूम्बस्टोन म्हणतात. ती किमान किती काळ ठेवायची ते जीसी ग्रेस सेकंद्स या सेटिंगवर ठरतं, आणि ते मुळात ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस असतं. त्यानंतर कॉम्पॅक्शनमध्ये खूण आणि नोंद दोन्ही निघून जातात. बंद नोडपर्यंत ती खूण पोचलेलीच नसते. तो परतला की त्याच्याकडची जुनी नोंद हीच खरी ठरते आणि पुढच्या रिपेअरमध्ये सगळीकडे पसरते. ग्राहकाने काढून टाकलेला पत्ता, रद्द केलेली मागणी पुन्हा दिसू लागते.

डिस्कच गेली किंवा मुदत उलटली, तर दोन वाटा आहेत.

क्लस्टरचा आकार तेवढाच ठेवायचा असेल तर नोड बदला. नव्या रिकाम्या मशीनवर ‘रिप्लेस ॲड्रेस फर्स्ट बूट’ या जेव्हीएम पर्यायात मृत नोडचा पत्ता देऊन सेवा सुरू करा. नवा नोड त्याच टोकनची जबाबदारी घेतो आणि डेटा उरलेल्या प्रतींकडून मिळवतो. इतरांचे तुकडे हलत नाहीत, म्हणून क्लीनअपही लागत नाही. इथेही नव्या नोडचा पत्ता त्याच्या सीडच्या यादीत नको. जुना नोड ३ तासांहून जास्त बंद होता, तर शेवटी रिपेअर करा. मृत नोड आधी काढायचा आणि मग नवा आणायचा, हा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात डेटा दोनदा हलतो आणि मधल्या काळात बाकीच्यांवर विनाकारण ताण येतो. तो सोडून द्या.

आकार कमीच करायचा असेल तर ‘नोडटूल रिमूव्हनोड’ वापरा. ही आज्ञा कोणत्याही चालू नोडवरून, मृत नोडचा होस्ट आयडी देऊन चालवायची. आयडी स्टेटसमध्ये दिसतो. कॉपी करा, हाताने लिहू नका. इथे डेटा मृत नोडकडून येऊ शकत नाही, उरलेल्या प्रतींमधून तयार होतो. म्हणून ज्या कीस्पेसची एकच प्रत होती, तिचा तेवढा भाग गेलाच. संपल्यावर रिपेअर करा.

‘नोडटूल असॅसिनेट’ हा शेवटचा उपाय. ही आज्ञा डेटा अजिबात हलवत नाही, नोडचं नाव फक्त गॉसिपमधून काढते. रिमूव्हनोड होऊनही एखादं मेलेलं नाव यादीत अडकून बसलं असेल, तरच ती वापरा आणि लगेच पूर्ण रिपेअर करा. पहाटेच्या घाईत ती पहिला उपाय म्हणून वापरली, की काही नोंदींच्या तीनऐवजी दोनच प्रती उरतात आणि पुढचा नोड पडेपर्यंत कुणाला ते कळत नाही.

सराव

हे सगळं वाचून हातात बसत नाही, करून बसतं. लॅपटॉपवर कंटेनरमध्ये, किंवा सीसीएम या साधनाने, ४ छोट्या नोडचं क्लस्टर उभं करता येतं. टीममधल्या प्रत्येकाने पुढचा क्रम एकदा तरी स्वतः करावा. रेप्लिकेशन फॅक्टर ३ ठेवून डेटा भरा. पाचवा नोड आणा आणि क्लीनअपच्या आधी व नंतर स्टेटसमधला ‘लोड’चा रकाना बघा. एक नोड डीकमिशन करा. एक अचानक मारा आणि त्याची जागा दुसऱ्याला द्या. शेवटी एका टेबलाची जीसी ग्रेस काही सेकंदांवर आणा, एक नोड बंद करून काही नोंदी पुसा, बाकीच्यांवर फ्लश आणि कॉम्पॅक्शन करा, आणि तो नोड जुन्या डेटासह परत आणून रिपेअर चालवा. पुसलेल्या नोंदी परत आलेल्या एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, की १० दिवसांचा नियम कुणी विसरत नाही.

सराव करताना प्रत्येक पायरीला दिलेली आज्ञा, लागलेला वेळ आणि दिसलेली स्थिती लिहून काढा, आणि त्यावरून तुमच्या क्लस्टरची कार्यपद्धती तयार करा. त्यात प्रत्येक पायरीनंतर ‘पुढे जाण्याआधी काय दिसलं पाहिजे’ ही ओळ असू द्या. पहाटे तीनला ज्याच्या हातात ते कागद असतील त्याला हुशारी दाखवायची गरज पडणार नाही. ती ओळ खरी ठरेपर्यंत थांबायचं, एवढंच त्याला जमलं पाहिजे.